डीएनएत यू का चालत नाही? (शीर्षक बदललं आहे, कारण प्रतिसादांत सापडेल)

वेताळटेकडी · शुक्रवार, रात्री १०:४०

गेल्या रविवारी बहिणीकडे कोथरूडला जेवायला गेले होते. भाचा यंदा बारावीला. वरणभात कालवता कालवता त्याने विचारलं, "मावशी, आरएनएमध्ये यू असतो आणि डीएनएमध्ये त्या जागी टी. असं का?" क्लासच्या सरांना विचारलं होतं म्हणे. ते म्हणाले, असतं ते असतं, नीटला चार मार्कांना येतं, पाठ कर.

मला उत्तर माहीत होतं, आणि तेही पुस्तकातून आलेलं नव्हतं. एका वाया गेलेल्या प्लेटने शिकवलं होतं. म्हणून हा धागा.

आधी भाच्याला सांगितलं ते. डीएनएच्या ए, टी, सी, जी या चार अक्षरांपैकी सी, म्हणजे सायटोसिन, जरा नाजूक प्रकृतीचा. पाण्यात राहून राहून त्याच्यावरचा अमिनो गट गळतो आणि त्या जागी ऑक्सिजन येऊन बसतो. झाला यू, म्हणजे युरॅसिल. याला ना सिगारेट लागते ना ऊन. ३७ अंशांच्या कोमट पाण्यात बसल्या जागी होतं. आपल्या एकेका पेशीत दिवसाला साधारण १०० ते ५०० वेळा. आता सीची जोडी जीशी, पण यू जोडी जमवतो एशी. म्हणजे तो तसाच राहिला तर पुढच्या वेळी डीएनएची नक्कल निघताना एका नकलेत सी-जीच्या जागी टी-ए होऊन बसणार, कायमचं.

समजा डीएनएतही यू हेच रीतसर अक्षर असतं, तर? मग एखादा यू मुळातलाच आहे की कुठल्या सीचा झालाय, हे कोण ओळखणार? म्हणून डीएनएने टी, म्हणजे थायमिन, घेतला. टी म्हणजे यूच. फक्त पाचव्या कार्बनवर एक मेथिल गट जास्त. मी भाच्याला म्हटलं, टी म्हणजे टिकली लावलेला यू. डीएनएत बिनटिकलीचा दिसला की समजायचं हा इथला नव्हे.

असा यू शोधून उपटून काढणारं विकर (एन्झाइम) म्हणजे युरॅसिल-डीएनए ग्लायकोसिलेझ, लाडाने युएनजी. तोमास लिंडाल यांना ते १९७४ मध्ये ई. कोलाय जिवाणूत सापडलं. डीएनए दुरुस्तीच्या कामासाठी २०१५ चं रसायनशास्त्राचं नोबेल लिंडाल, पॉल मॉड्रिच आणि अझीझ संजार यांना विभागून मिळालं.

आता प्लेटची गोष्ट. २०२० चा पावसाळा. मी पुण्यातल्याच एका खासगी लॅबमध्ये आरटी-पीसीआरच्या बाकावर. नाव सांगत नाही, आता तिथे नाहीही. तिथे प्लेट म्हणजे खळग्याखळग्यांची ताटली, एका खळग्यात एक नमुना, आणि खळग्याला म्हणतात विहीर. रात्रपाळीत नवीन मुलाने झालेल्या प्लेटचं सील उघडून ती साध्या कचऱ्याच्या डब्यात टाकली. त्याच खोलीत. एका विहिरीत डीएनएचे अब्जावारी तुकडे तयार झालेले असतात, ते हवेत गेले. दुसऱ्या दिवशी एनटीसी, म्हणजे ज्या विहिरीत नमुना नसतो, नुसतं पाणी असतं, ती ३७ सीटीला, म्हणजे नकलांच्या ३७ व्या फेरीला, वर आली. पाणी पॉझिटिव्ह! अख्खा रन रद्द, ९० जणांचे रिपोर्ट अडले, फोन सुरू.

साहेबांनी दोन दिवसांत युएनजी असलेलं किट मागवलं. त्यात टीच्या जागी मुद्दाम यू वापरतात, म्हणजे तयार होणारा प्रत्येक तुकडा यूवाला. पुढच्या रनला सुरुवातीलाच २५ अंशांवर २ मिनिटं युएनजी चालतं, हवेतून पडलेले जुने यूवाले तुकडे पोखरून ठेवतं, आणि पुढे तापमान चढलं की ते तुकडे तुटतात. आम्ही खूश. रन लावला. एनटीसी परत वर!

चार दिवस डोकं फोडलं. मग पेटली ट्यूब. हवेत तरंगत होते ते तुकडे जुन्या किटचे, टीवाले. युएनजीने त्यांच्याकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं. शेवटी हायपोने (ब्लीचने) बाक, पिपेट, दरवाज्याची मूठसुद्धा पुसून काढली, टिप्सचे डबे फेकले, तेव्हा पाणी परत पाणी झालं.

एका मेथिल गटाचा फरक. तेवढ्यावरून ते विकर एवढं काटेकोर वागतं, याचं मला आजही नवल वाटतं. हे नेमकं जमतं कसं, ते कोणी जाणकार सांगेल का? मला बाकावरचं कळतं, आतलं नाही.

पाटीपेन्सिल · शुक्रवार, रात्री ११:०५

मस्त लिहिलंय. 'विकर' वाचून आधी विकार वाटलं, मग शाळेतलं पुस्तक आठवलं.

एक शंका. करोनाचा विषाणू आरएनएवाला. त्यात तर यूच यू. मग युएनजीने नमुनाच खाऊन टाकायला हवा होता ना?

वेताळटेकडी · शुक्रवार, रात्री ११:२०

@पाटीपेन्सिल, हाच प्रश्न मी विचारला होता तेव्हा. युएनजीला डीएनएतलीच साखर लागते, डीऑक्सिरायबोज. आरएनएच्या साखरेवर एक हायड्रॉक्सिल जास्त असतो, त्यामुळे आरएनए त्याच्या हिशेबातच नाही. म्हणून नमुना शाबूत राहतो.

मात्र आरएनएवरून डीएनए बनू लागला, तोही यूवाला, की युएनजीला मरावंच लागतं, नाहीतर ते नवा मालही खाईल. म्हणून अशा कामाला गरमीत लगेच मान टाकणारं युएनजी घेतात. थंड समुद्रातल्या कॉड माशाचं त्यासाठी प्रसिद्ध आहे. आमचा पहिला टप्पा २५ अंशांचा होता तो त्यामुळेच, पुढे ५० च्या वर गेलं की खेळ खलास.

लिमिटेड_मिसळ · शुक्रवार, रात्री ११:३१

मासे आले, आता धागा दोनशे पार जाणार. जागा राखून ठेवतोय.

सायलीचा_वेल · शनिवार, सकाळी ७:१०

धागा आवडला, वेताळटेकडी. एक मात्र बोलते, राग मानू नकोस. 'बिनटिकलीचा दिसला की इथला नव्हे, उपटून काढा' हे माझ्या आजीने वाचलं असतं तर दिवसभर गप्प बसली असती. तिने पंचविसाव्या वर्षापासून कपाळ मोकळं ठेवलं होतं, आणि हळदीकुंकवाच्या दिवशी ती मागच्या खोलीत बसायची. उपमा सोपी आहे खरी, पण बदलता आली तर बघ.

वेताळटेकडी · शनिवार, सकाळी ७:४५

अगदी बरोबर बोललीस. माझ्या डोक्यात टी आणि टिकली एवढंच यमक होतं. शीर्षकातून काढली. टिंब म्हणू या, अनुस्वाराचं टिंब. टी म्हणजे टिंब दिलेला यू. अक्षर तेच, टिंबाने अर्थ बदलतो. उलट हे जास्त चपखल बसतंय. मजकुरातलं तसंच ठेवते, नाहीतर तुझ्या प्रतिसादाचा संदर्भ कोणाला लागणार नाही.

रंगीत_खडू · शनिवार, सकाळी ११:२५

ताई, तुम्ही 'आतलं' विचारलंत म्हणून लिहितो. तेहेतीस वर्षं रसायनशास्त्र शिकवलं, आता निवृत्त. सकाळी पायमॉल (रेणूंची रचना दाखवणारं सॉफ्टवेअर) उघडून बसलो होतो, चहा दोनदा गार झाला.

ज्यांना बघायचंय त्यांनी प्रोटीन डेटा बँकेतून १एसएसपी ही फाइल उतरवून घ्या, फुकट आहे. मानवी युएनजी आणि त्याच्या तावडीतला डीएनए, दोन्ही एकत्र दिसतात. विकर छोटंसं. यू उपटणारा भाग जेमतेम २२३ अमिनो आम्लांचा, म्हणजे प्रथिनाच्या माळेतल्या २२३ मण्यांचा. मधोमध चार समांतर पट्ट्यांची जरा पिळवटलेली चटई आणि तिच्या दोन्ही अंगांना गुंडाळ्या, म्हणजे अल्फा हेलिक्स. चटईच्या एका कडेला एक घळ आहे, डीएनएची दुपदरी साखळी मावेल एवढी. घळीचा विद्युतभार धन, डीएनएचा कणा ऋण, त्यामुळे डीएनए आपसूक तिथे टेकतो.

आता घळीच्या तळाशी झूम करा. तिथे एक खोल, अरुंद खिसा आहे. त्यात युरॅसिल बसलंय. साखळीच्या आत, पायऱ्यांच्या रांगेत असायला हवा तो यू अख्खाच्या अख्खा बाहेर फिरून या खिशात शिरलाय. मी पहिल्यांदा हे बघितलं तेव्हा वाटलं फाइल खराब आहे. नव्हती. अक्षर असं बाहेर वळलेलं १९९६ मध्ये नॉर्वेतल्या ट्रॉनहाइमच्या क्रोकान-स्लुपहॉग यांच्या गटाने आणि कॅलिफोर्नियातल्या जॉन टेनर यांच्या गटाने मिळून दाखवलं. क्रोकान यांच्या गटाने त्याआधी, १९८९ मध्ये, या विकराचा मानवी जनुक शोधला होता. तो सापडला कशात? वारेत. बाळंतपणात पडते ना वार, तिच्या पेशींतून बनवलेल्या संग्रहात.

टिंबाची तपासणी कुठे होते बघा. खिशाच्या एका भिंतीला १४७ क्रमांकाचं अमिनो आम्ल, टायरोसिन, आहे. युरॅसिलचा पाचवा कार्बन त्याला इतका खेटून बसतो की तिथे मेथिल गट असता तर आत शिरताच आलं नसतं. बस. टी ओळखायची यंत्रणा म्हणजे एवढीच भिंत. मागच्या बाजूला फेनिलॲलनिन १५८ आहे, युरॅसिलचं सपाट कडं त्यावर पाट ठेवल्यासारखं टेकतं.

मग सी का आत घेत नाही? त्याला तर मेथिल नाही. तिथे दुसरा पहारेकरी, २०४ वरचं ॲस्परजिन. युरॅसिलच्या चौथ्या जागी ऑक्सिजन, सायटोसिनच्या चौथ्या जागी अमिनो गट. ॲस्परजिनचा हात असा वळलाय की ऑक्सिजनशी हस्तांदोलन होतं, अमिनो गटाशी होत नाही.

ट्रॉनहाइमच्याच मंडळींनी नंतर काय केलं असेल? १४७ वरचं टायरोसिन काढून तिथे लहानसं ॲलनिन बसवलं, भिंत पाडली, आणि विकर टीसुद्धा उपटायला लागलं! २०४ वरचं ॲस्परजिन बदलून ॲस्पार्टेट केलं तर सी उपटायला लागलं. हजारो अणूंच्या यंत्रात एक अमिनो आम्ल बदललं आणि रक्षकाचा दरोडेखोर झाला. हे मी वर्गात सांगायचो तेव्हा शेवटच्या बाकावरची पोरंही मान वर करायची.

तोडण्याचं काम मुख्यतः दोघांचं, ॲस्पार्टेट १४५ आणि हिस्टिडिन २६८. युरॅसिल आणि साखर यांच्यातला बंध आपोआप तुटायला जो वेळ लागेल, त्याच्या १०१२ पटींनी, म्हणजे लाख कोटी पटींनी लवकर तुटतो. (छोटा १२ वर चढवता येत नाही इथे, दहाचा बारावा घात वाचा.) आणि यासाठी ना मॅग्नेशियम लागतं ना जस्त.

राहिलं एक. यू बाहेर गेल्यावर साखळीत जी पोकळी उरते, तिथे ल्युसिन २७२ ची बाजूची शेपटी घुसलेली दिसेल. ती यूला मागून ढकलते, असं म्हणतात.

लिमिटेड_मिसळ · शनिवार, दुपारी १२:०२

खडू सर, दंडवत. ल्युसिन २७२ म्हणजे एसटीत खिडकीतून सीटवर टाकलेला रुमाल! यू जरा उठला की जागा धरली, आता परत येऊन बसायची सोय नाही.

रंगीत_खडू · शनिवार, दुपारी १२:१०

हा हा! स्वारगेटला शिकलेलं कुठे कामाला येईल सांगता येत नाही.

पाषाण_रोड · शनिवार, दुपारी ३:४०

पीएचडीवाला आहे, जेल पळायला लावलंय म्हणून वेळ आहे. सर, फार सुंदर लिहिलंत. मॅग्नेशियमबद्दल शंभर टक्के. आमच्याकडे बाकीची बहुतेक विकरं थांबवायला ईडीटीए (मॅग्नेशियमसारखे धातू पकडून ठेवणारं रसायन) टाकतो आणि हे पठ्ठं ईडीटीएच्या बफरमध्येही निवांत काम करत राहतं. पहिल्यांदा माझा अख्खा प्रयोग त्यापायी गेला होता.

पण 'ढकलते' याबद्दल जरा. २००७ मध्ये जॉन्स हॉपकिन्सच्या जेम्स स्टायव्हर्स यांच्या गटाने एक रचना टिपली. तीत युएनजीच्या हातात यू नाही, चक्क टी आहे. अर्धवट बाहेर आलेला, खिशाच्या दारात थबकलेला. त्यावरून चित्र असं दिसतं की डीएनएच्या जोड्या मुळातच अधूनमधून उघडझाप करत असतात. युएनजी साखळीवरून सरकत जातं आणि जो स्वतःहून क्षणभर बाहेर डोकावेल त्याला पकडून बघतं. टी असेल तर टिंब आडवं येतं, तो परत जागेवर. यू असेल तर आत. म्हणजे उठवण्याचं श्रेय विकराला कमी आणि उठलेल्याला परत बसू न देण्याचं जास्त. @लिमिटेड_मिसळ, थोडक्यात तुमचा रुमाल आमच्या जुन्या 'ढकलण्या'पेक्षा जास्त बरोबर आहे. रुमाल टाकणारा कोणाला उठवत नाही.

रंगीत_खडू · शनिवार, दुपारी ४:०५

मान्य. माझं वाचन १९९८ ला थांबलं होतं. रचना ही फोटोसारखी असते, तिच्यात कोण आधी हलला ते दिसत नाही, हे मीच मुलांना सांगायचो आणि स्वतः विसरलो.

लिमिटेड_मिसळ · शनिवार, दुपारी ४:०९

स्क्रीनशॉट काढून घरात लावतोय.

चौकस_चिमणी · शनिवार, संध्याकाळी ६:३०

यू काढला, पण मग साखळीत भोक राहिलं की. अर्धवट काम करून विकर निघून जातं?

रफूकाका · शनिवार, रात्री ८:१५

चौकसताई, तुमच्या प्रश्नावर राहवलं नाही. मी डीएनएतला नाही, कापडातला. आमचं रविवार पेठेत रफूचं काम होतं, वडिलांच्या वेळेपासून. मुलगी बायोटेकला आहे, तिने हा धागा वाचून दाखवला आणि तुमच्या भोकाचं उत्तर तिने सांगितलं ते ऐकून मी म्हटलं, अगं हे तर रफूच आहे.

रफूत आधी खराब झालेला धागा सुईने सोडवून बाहेर ओढायचा. नवशिक्या तिथे घाई करतो आणि शेजारचाही ओढतो. मग त्याच कपड्याच्या आतल्या शिवणीतून धागा काढायचा, म्हणजे रंग जुळतो. आणि उभा धागा गेला असेल तर आडव्याकडे बघत एकाआड एक भरायचं. वीण आडवा धागाच सांगतो, डोक्याने काही ठरवायचं नाही.

मुलगी सांगते ते असं. युएनजी फक्त अक्षर उपटतं, कणा तसाच. मग एपीई१ नावाचं विकर त्या रिकाम्या जागेशी कण्याला काप देतं. मग पॉलिमरेझ बीटा समोरच्या साखळीतला जी बघून नवा सी भरतं आणि उरलेलं साखरेचं टोक छाटतं. शेवटी लायगेझ ३ टाका घालतं, त्याच्यासोबत एक्सआरसीसी१ म्हणून मदतनीस. आणि रिकामी जागा उघडी टाकून युएनजी पळत नाही, एपीई१ येईपर्यंत तिथे चिकटून असतं. आमच्याकडेही उघडं भोक कधी टेबलावर ठेवून जेवायला जायचं नाही अशी वडिलांची ताकीद होती. उसवत जातं.

सायलीचा_वेल · शनिवार, रात्री ८:४०

रफूकाका, तुमच्यासाठी वेगळा धागा हवा. आतल्या शिवणीतला धागा, हे माहीतच नव्हतं.

तिरकस_कमान · रविवार, सकाळी ९:२०

सगळं गोड चाललंय म्हणून थोडं मीठ. लिंडाल यांच्या गटाने २००० साली युएनजीचा जनुक काढून टाकलेले उंदीर तयार केले. काय झालं त्यांना? काही नाही. जन्मले, वाढले, पिल्लं दिली, उत्परिवर्तनंही फार वाढली नाहीत. केळ्यांवर घोंघावणाऱ्या फळमाशीत तर हा जनुकच नाही. मग एवढा उदो-उदो कशाला?

पाषाण_रोड · रविवार, सकाळी ११:५०

मीठ योग्य प्रमाणात आहे. उंदरांचं खरं आहे. गळालेल्या सीसाठी पेशीकडे दुसरी फळी आहे, १९९९ मध्ये सापडलेलं एसएमयूजी१ वगैरे. पण त्याच उंदरांची गोष्ट पुढेही आहे. म्हातारपणी त्यांच्यात बी पेशींच्या गाठी, लिम्फोमा, जास्त निघाल्या. बी पेशीच का, इथे खरी गंमत सुरू होते.

बी पेशी म्हणजे प्रतिपिंडं बनवणाऱ्या. त्यांच्यात एआयडी नावाचं विकर असतं आणि ते प्रतिपिंडांच्या जनुकात मुद्दाम सीचे यू करतं. स्वतःच्या डीएनएत स्वतःच चुका. मग युएनजी येऊन ते यू उपटतं, साखळी जागोजागी तुटते आणि त्या तुटलेल्या टोकांच्या जोडणीतूनच पेशी आयजीएमवरून आयजीजी, आयजीए अशा पुढच्या प्रकारांवर जाते. म्हणजे दुरुस्तीचं हत्यार इथे तोडायला वापरलंय. २००३ मध्ये युएनजी जन्मतः बिघडलेल्या माणसांची नोंद झाली. त्यांच्या रक्तात आयजीएम भरपूर, बाकीची जवळजवळ नाहीत, आणि लहानपणापासून जंतुसंसर्ग पाठ सोडत नाहीत. तेव्हा कमानसाहेब, उंदीर स्वच्छ पिंजऱ्यात राहतो, माणूस राहत नाही.

आणखी एक. डीएनएची नक्कल काढणाऱ्या विकराला, पॉलिमरेझला, यू आणि टी यांतला फरक कळतच नाही, समोर ए असेल तर हाताला येईल तो लावतं. म्हणून नक्कल निघत असतानाच असे यू आत येतात. एकाच जनुकातून, १२ व्या गुणसूत्रावरच्या, युएनजीची दोन रूपं निघतात. युएनजी१ मायटोकॉन्ड्रियात जातं, ३०४ अमिनो आम्लांचं. युएनजी२ केंद्रकात, ३१३ चं. या दुसऱ्याची पुढची शेपटी नक्कल काढणाऱ्या यंत्राच्या पीसीएनए नावाच्या कड्याला धरून असते. शाई वाळायच्या आत मागून तपासत जाणारा मुद्रितशोधक समजा.

तिरकस_कमान · रविवार, दुपारी १२:१५

प्रतिपिंडांचं माहीत नव्हतं. उदो-उदो मागे घेतला नाही, पण आवाज कमी केला आहे.

दोनमुलांची_आई · रविवार, दुपारी २:००

साधा प्रश्न. हे टिंब लावायला शरीराला काही खाण्यातून लागतं का? आम्ही पूर्ण शाकाहारी, आणि मागच्या महिन्यात माझं बी१२ फारच कमी आलं.

हिरवा_अंगरखा · रविवार, दुपारी ३:१०

डॉक्टर आहे, पण इथे कोणाला औषध सांगत नाही, ते तुमच्या डॉक्टरांशी बोला. प्रश्न मात्र अगदी मर्मावरचा आहे.

यूला टिंब लावण्याचं काम थायमिडिलेट सिंथेझ करतं आणि टिंबाची शाई येते फोलेट या ब गटातल्या जीवनसत्त्वाकडून. बी१२ कमी पडलं की फोलेट एका निरुपयोगी रूपात अडकून बसतं, म्हणजे दौत भरलेली पण बूच उघडत नाही. टी कमी, यू जास्त, आणि पॉलिमरेझ आंधळं. १९९७ च्या एका अभ्यासात फोलेटची कमतरता असलेल्या माणसांत पेशीमागे ४० लाखांच्या घरात यू आढळले होते. आता युएनजी बिचारं प्रामाणिक. उपटतं. भरायला परत यूच हाताशी. परत उपटतं. समोरासमोर दोन्ही साखळ्यांत एकाच वेळी काप पडले की गुणसूत्रच तुटतं. मेथोट्रेक्सेट, ५-एफयू ही कर्करोगाची जुनी औषधं टिंबाच्या याच वाटेवर आघात करतात.

पुण्यापुरतं सांगायचं तर केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्रात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने १९९० च्या दशकात पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गरोदर बायकांचा अभ्यास सुरू केला. त्यात बी१२ ची कमतरता किती सर्रास आहे ते समोर आलं. म्हणजे तुम्ही एकट्या नाही. पण नुसत्या फोलिक ॲसिडच्या गोळ्या मनाने सुरू करू नका. रक्त सुधारल्यासारखं दिसतं आणि बी१२ अभावी नसांचं नुकसान आतल्या आत चालू राहतं.

दोनमुलांची_आई · रविवार, दुपारी ३:२५

धन्यवाद. उद्याच अपॉइंटमेंट घेते.

चौकस_चिमणी · रविवार, संध्याकाळी ५:४५

यूवाला डीएनए असणारा जीव नाहीच का मग जगात?

पाषाण_रोड · रविवार, संध्याकाळी ७:२०

आहे ना! बॅसिलस सबटिलिस या जिवाणूला लागणारे पीबीएस१, पीबीएस२ हे विषाणू. त्यांच्या डीएनएत टी नाहीच, सगळा यू. अशाने जिवाणूच्या आत पाऊल टाकताच तिथल्या युएनजीने त्यांचे तुकडे केले असते. म्हणून ते आल्या आल्या यूजीआय नावाचं ८४ अमिनो आम्लांचं प्रथिन बनवतात. ते डीएनएचं सोंग घेतं, तसाच ऋण भार, तसाच आकार, आणि युएनजीच्या घळीत जाऊन रुतून बसतं. परत निघतच नाही म्हटलं तरी चालेल. मानवी युएनजीही त्याला फसतं, त्या दोघांच्या मिठीची रचनाही उपलब्ध आहे. २०१६ मध्ये हार्वर्डच्या डेव्हिड लिऊ यांच्या गटाने जनुकातलं एकच सी बदलून टी करायचं तंत्र काढलं, त्यात हेच यूजीआय जोडलं आहे. सीचा यू करायचा आणि पेशीच्या युएनजीने तो उपटू नये म्हणून त्याचं तोंड बंद ठेवायचं.

आपल्याकडे बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत उमेश वार्ष्णेय यांनी या विकरावर आयुष्य घातलंय. क्षयाच्या जिवाणूच्या एका निरुपद्रवी भावंडात, मायकोबॅक्टेरियम स्मेग्मॅटिसमध्ये, त्यांच्या गटाला यूडीजीएक्स सापडलं. ते यू उपटतं आणि मग स्वतःच त्या जागी पक्क्या बंधाने चिकटून बसतं. काका, यात सुईच कापडात शिवली जाते.

रफूकाका · रविवार, रात्री ८:००

असं एकदा झालंय. सुटाच्या अस्तरात. गिऱ्हाईक लग्नात बसल्यावर कळलं.

वेताळटेकडी · रविवार, रात्री ९:५०

सगळ्यांचे आभार. एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. आज भाच्याला फोनवर पूर्ण धागा वाचून दाखवला. शांतपणे ऐकलं आणि शेवटी म्हणाला, "पण मावशी, सीवर पण मेथिल असतो ना कधी कधी? पुस्तकात आहे. जनुक बंद करायला लावतात तो. मग तो सी गळला तर?"

माझी दांडी गुल. खडू सर?

रंगीत_खडू · रविवार, रात्री १०:३०

पोरगं हुशार आहे हो. मेथिल असलेला सी गळला तर यू होत नाही, थेट टी होतो. टिंबासकट, रीतसर कागदपत्रांसह. युएनजी त्याला हात लावणार नाही, त्या १४७ च्या भिंतीमुळे. तिथे टीडीजी आणि एमबीडी४ ही वेगळी विकरं लागतात. ती टी एकटा बघत नाहीत, समोर कोण बसलंय ते बघतात. टीसमोर ए असेल तर ठीक, जी असेल तर टी खोटा. पण हे काम हळू चालतं आणि बरेच निसटतात. म्हणून ज्या सीच्या पुढे जी असतो आणि ज्यावर मेथिल असतो, त्या जागा माणसाच्या डीएनएत उत्परिवर्तनं होणाऱ्या सर्वांत मोठ्या जागांपैकी आहेत.

वेताळटेकडी · रविवार, रात्री १०:४४

पाठवलं त्याला. उत्तर आलंय, "उद्या सरांना हेच विचारतो."

मी लिहिलं, विचार, पण तास संपल्यावर.